कोयोटला हंगाम नसतो

कायदा म्हणजे समाजाने स्वतःला दिलेला शब्द, आणि तो तोलूनमापूनच दिला पाहिजे, असं आमच्या राज्याच्या विधानभवनाच्या दारावर दगडात कोरलेलं आहे. बंदुकांच्या हस्तांतराचा कायदा त्याच दाराच्या आत, ईस्टरच्या सुट्टीआधीच्या गुरुवारी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी मंजूर झाला. पाच वाजता आवारात एकही गाडी उरली नव्हती.

आमच्या भागाचे आमदार फर्निचरच्या दुकानाचे मालक आहेत. त्या शनिवारी ते चर्चच्या तळघरात बीन्सच्या जेवणाला आले आणि उभ्याउभ्या त्यांनी कायदा समजावून सांगितला. "बंदूक चुकीच्या माणसाच्या हातात जाऊ नये. बाकी त्यात काही नाही."

"मग अकरा पानं कशाला?" हॉलिस पाइकने विचारलं.

"अपवाद आहेत," आमदार म्हणाले आणि ॲपल पायच्या टेबलाकडे वळले.

हॉलिसने हा प्रश्न खवचटपणे विचारला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावरही चालकाला सर्दी झाली की शाळा त्यालाच बोलावत असे. पहाटे सहाला, बर्फात, चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावरसुद्धा 'थांबा'ची पाटी दिसली की हॉलिस पूर्ण थांबायचा, दोन्हीकडे बघायचा आणि मगच निघायचा. हे मी त्याच्या मागे अडकून अनेकदा पाहिलेलं आहे. नियम कशासाठी आहे हे त्याला महत्त्वाचं वाटत नसे. नियम आहे ना, मग झालं.

त्याच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, ऑरिन टॅस्कर राहायचा. तो कुलुपं दुरुस्त करायचा. वेस्ट गिल्बीतलं प्रत्येक कुलूप त्याने कधी ना कधी उघडलेलं होतं, बहुतेक वेळा मालकाच्याच विनंतीवरून. दोघं एका बाकावर शिकले, एका वर्षी एका परीक्षेत नापास झाले आणि पन्नास वर्षं एकाच तंबूत हरणाच्या शिकारीला गेले. सप्टेंबरात ऑरिनची बायको अडेलिया वारली. मूलबाळ नव्हतं. दफनविधीला सगळा गाव होता, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव आपापल्या कामाला लागला, जसा तो लागतो.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका संध्याकाळी ऑरिन हॉलिसच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. हातात चामड्याची लांबट पिशवी होती.

"ही तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला.

"किती दिवस?"

"बर्फ वितळेपर्यंत. बघू पुढे."

"मोडलीय का?"

"नाही. घरात नको आहे." ऑरिनने पिशवी टेबलावर ठेवली. "का ते विचारू नकोस, हॉलिस. विचारलंस तर मी खोटं सांगेन."

हॉलिसने विचारलं नाही. त्याची बायको लोविना चुलीपाशी होती. तिने ऑरिनला जेवायला बसवलं. तो बसला, दोनदा वाढून घेतलं, ताट पुसून खाल्लं आणि छान झालंय असं म्हणाला. लोविनाने नंतर मला सांगितलं की ती घाबरली ती पिशवी बघून नव्हे, ते दुसऱ्यांदा वाढून घेणं बघून. "चव घेत नव्हता रे तो. निरोप घेत होता."

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल की पिशवी झाडूच्या कपाटात ठेवायची आणि विषय संपवायचा. लोविनाही तेच म्हणाली. पण त्याच उन्हाळ्यात शेजारच्या खोऱ्यात एकाने मेहुण्याची बंदूक महिनाभर सांभाळायला घेतली होती आणि हे हस्तांतर आहे असं म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता. पुढे तो सुटला. तोवर त्याची नोकरीही सुटली होती. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, कोणाला कळणार आहे. हॉलिस रिकाम्या रस्त्यावर थांबणारा माणूस.

"आजची रात्र राहू दे," तो म्हणाला. "उद्या रीतसर विचारून घेऊ."

कुलूप लावून ऑरिनच्याच घरात ठेवणं शक्य होतं, पण कुलुपाचा आणि ऑरिनचा संबंध मी वर सांगितलाच आहे. गोळ्या हॉलिसने त्याच रात्री नदीत टाकल्या. त्याने फारसा फरक पडत नाही हे त्यालाही माहीत होतं. आमच्याकडे गोळ्या किराणा दुकानात मिळतात, बीन्सच्या डब्यांच्या खालच्या फळीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मर्ल स्प्रेगच्या दुकानात गेले. मर्ल बंदुका विकतो, गळ विकतो आणि हिवाळ्यात बर्फाची फावडी विकतो. ऑरिनने पिशवीच्या पट्ट्याला हात घातला.

"उघडू नकोस," मर्ल म्हणाला.

"अरे, बघ तर खरं."

"बघायचंच नाहीये मला. माझ्या काउंटरवर ती बाहेर आली की मला वहीत लिहावी लागते. वहीत लिहिली की ती माझ्याकडे आली. माझ्याकडे आली की परत देताना तुझी चौकशी करावी लागते. आणि चौकशीत ते विचारतात."

"काय विचारतात?"

मर्लने फावड्यांकडे बघितलं. "सगळंच विचारतात, ऑरिन."

"मग सरळ हॉलिसच्या नावावर करून दे."

"दोन माणसांमधली देवाणघेवाण मी एप्रिलपासून बंद केलीय. वकिलाने सांगितलं, या कायद्यात उद्या काही झालं तर जबाबदार कोण हे लिहिलेलंच नाही. जिथे लिहिलेलं नसतं तिथे दुकानदार असतो." त्याने दोघांना कॉफी दिली, पैसे घेतले नाहीत. "मी नाही म्हणत नाहीये. मला हो म्हणता येत नाहीये."

मग ते शेरीफच्या कचेरीत गेले. तिथे डेप्युटी रेनी थिबोडो होती, तिशीतली, हॉलिसच्या बसमधून शाळेत गेलेली. तिने त्यांना बसवलं, डोनटचा खोका पुढे केला आणि फॉर्म काढला.

"बंदूक ठेवून घ्यायला माझ्याकडे तीनच रकाने आहेत," ती म्हणाली. "सापडलेली, जप्त केलेली आणि पुरावा. यातली ही कुठली, मिस्टर टॅस्कर?"

"माझ्या आजोबांची."

"तसा रकाना नाहीये. सापडलेली असं लिहिलं तर नव्वद दिवसांनी वितळवतात."

ऑरिनने पिशवी आपल्या मांडीकडे ओढली. ती बंदूक त्याच्या आजोबांनी १९१९ साली एका लाकूडतोड्याकडून दोन डुकरांच्या बदल्यात घेतली होती. त्याआधी ती कुठे होती हे आजोबांनी विचारलं नाही, आणि नंतर आम्हीही कोणी विचारलं नाही. अडेलियाने आयुष्यातलं एकमेव हरीण त्याच बंदुकीने मारलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आणि मग दिवसभर रडली होती.

"एक अपवाद आहे," रेनीने पान उलटलं. "जिवाला तात्काळ धोका असेल तर दुसऱ्याकडे देता येते. धोका असेपर्यंतच." मग तिने विचारलं, कारण विचारणं तिचं काम होतं. "तुमच्या जिवाला आत्ता, या क्षणी धोका आहे का?"

ऑरिनने प्रामाणिकपणे विचार केला. "या क्षणी नाही गं. मी डोनट खातोय."

"मग आत्ता लागू होत नाही. धोका निर्माण झाला की मिस्टर पाइकना द्या. टळला की लगेच परत घ्या."

"म्हणजे मरायला टेकलो की द्यायची," हॉलिस म्हणाला, "आणि बरं वाटलं की घरी न्यायची."

"असं लिहिलंय," रेनी म्हणाली. तिने फॉर्म खणात परत ठेवला आणि खण जरा जोरात लावला. डॉक्टरांकडे चला, मी गाडीतून नेते, असंही ती म्हणाली. ऑरिन म्हणाला, डॉक्टरांची गोळी चालू आहे, महिनाभराने गुण येईल असं ते म्हणालेत. मधल्या महिन्याबद्दल कोणीच काही म्हणालं नाही.

शेवटी ते माझ्याकडे आले. मी गावच्या वाचनालयात बसतो. चार वर्षं कॉलेजात काढून परत आलेला मी त्यांच्या ओळखीतला एकटाच, म्हणून मला प्रोफेसर म्हणतात. हे कौतुक नाही.

"प्रोफेसर, तुला वाचता येतं ना?" हॉलिस म्हणाला. "मग हे वाच. आम्हाला नुसतं अकरा पानं दिसतात."

कायद्याची प्रत वाचनालयात होतीच. राज्य ती प्रत्येक वाचनालयाला पाठवतं, आणि तोवर ती कोणी हातात घेतलेली नव्हती. पहिली दोन पानं व्याख्यांची होती. ती मी उलटली. बंदूक म्हणजे काय हे वेस्ट गिल्बीत पोराला दात यायच्या आधी कळतं. हरणाच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी इथे शाळेला सुट्टी असते. कलम तीनपासून मी नीट वाचलं, पेन्सिलीने खुणा करत, दोन तास. समोर दोघं म्हातारे टोप्या मांडीवर घेऊन परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे बसले होते.

हस्तांतर म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात जाणं, असं कलम तीन म्हणत होतं. किती वेळासाठी, हे म्हणत नव्हतं. त्या हिशेबाने हॉलिसने ऑरिनची बंदूक कुंपण ओलांडताना धरली तरी ते हस्तांतर होतं, आणि असं धरायला तर आमच्याकडे वडील मुलांना शिकवतात. हे बहुधा विधानभवनातही कोणाच्या तरी लक्षात आलं असावं, कारण कलम चारमध्ये शिकारीचा अपवाद होता: हंगाम चालू असताना, शिकारीच्या जागी, शिकार चालू असेपर्यंत एकाने दुसऱ्याची बंदूक वापरायला हरकत नाही.

"हरणाचा हंगाम पुढच्या शनिवारी सुरू होतोय," मी म्हणालो. "चार आठवडे मिळाले."

"आणि पाचव्या आठवड्यात?" हॉलिसने विचारलं. ऑरिन खिडकीबाहेर बघत होता.

मी शिकारखात्याचं पत्रक काढलं. टर्की, अस्वल, ससा, बदक, प्रत्येकापुढे तारखा. शेवटच्या ओळीत कोयोट होता. कोयोट म्हणजे कोल्ह्याचा दांडगट चुलत भाऊ. त्याच्याबद्दल इथे कोणाचंच मत चांगलं नाही. त्याच्यापुढे तारखा नव्हत्या. लिहिलं होतं: वर्षभर.

त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला हे मी लपवत नाही. कॉलेजचे पैसे पहिल्यांदाच वसूल झाल्यासारखे वाटले.

आम्ही रेनीला फोन केला. "शिकार कधी संपली असं धरायचं हे कायद्यात नाही," ती म्हणाली. "रात्री माणूस झोपतो, म्हणून शिकार संपली असं मी म्हणणार नाही. पण जो बाहेरच पडत नाही तो शिकारी आहे असंही मला म्हणता येणार नाही. रोज दिसायला हवं."

"कोणाला?"

"कोणालाही. मला कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे की मिस्टर पाइक रोज डोंगरावर जातात."

म्हणून हॉलिस रोज डोंगरावर जायला लागला.

चर्चच्या मागून बेल्डिंगच्या डोंगराची वाट जाते. पाऊण तास चढ, माथ्याजवळ एक मोठं बर्चचं झाड, तिथून परत. हॉलिसचा डावा गुडघा बसच्या क्लचने तीस वर्षांपूर्वीच खाल्लेला होता आणि डॉक्टरांनी त्याला जिन्याचीसुद्धा मनाई केली होती. तो नऊ वाजता निघायचा. नारिंगी बंडी, नारिंगी टोपी, खांद्याला रिकामी बंदूक. गावातून कुठूनही वर बघितलं की बर्फात एक नारिंगी ठिपका हळूहळू सरकताना दिसायचा. पोस्टातली बाई त्याच्यावर घड्याळ लावायची.

ऑरिनच्या स्वयंपाकघराची खिडकी डोंगराकडेच उघडते. ठिपका बर्चपाशी पोचला की तो कॉफी चढवायचा. हॉलिस उतरून आधी घरी जायचा, बंदूक ठेवायचा आणि मग रस्ता ओलांडून ऑरिनकडे यायचा, कारण बंदूक घेऊन ऑरिनच्या दारात गेलं तर ते परत केल्यासारखं होईल का, हे आम्हाला कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं.

"मिळाला का कोयोट?" ऑरिन विचारायचा.

"थोडक्यात वाचला."

"कोण, तो की तू?"

"दोघंही. त्याने माझा गुडघा बघितला आणि त्याला दया आली."

रोज हेच. मी एक-दोनदा तिथे होतो म्हणून सांगतो, रोज अगदी हेच, आणि रोज दोघंही हसायचे. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला. ऑरिनने दाढी करायला सुरुवात केली. एका सकाळी त्याने लोविनाच्या मागच्या दाराचं कुलूप न सांगता दुरुस्त करून दिलं. ते बिघडलेलं नव्हतं, पण ती काही बोलली नाही.

जानेवारीच्या शेवटी लोविना वाचनालयात आली. पुस्तक परत करायला आली असं दाखवलं, पण पुस्तक आमचं नव्हतं.

"प्रोफेसर, काल तो जिन्यात बसला. चार पायऱ्या चढून बसला. मी म्हटलं, आज नको जाऊस. तर म्हणे, एक दिवस चुकला की शिकार संपली."

"खरं म्हणजे रेनी एका दिवसासाठी काही करणार नाही."

"ते तू त्याला सांग. माझं ऐकत नाही. म्हणतो, नियमात एका दिवसाची सूट कुठे लिहिलीय दाखव." तिने हातमोजे काढले आणि परत घातले. "तो कायदा पुन्हा एकदा वाचशील का रे? पहिल्यापासून? दुसरी काही वाट असेल."

"वाचलाय मी, लोविना," मी म्हणालो. "पेन्सिल घेऊन वाचलाय."

ती बरं म्हणाली आणि दुसऱ्या कुठल्यातरी वाचनालयाचं ते पुस्तक घेऊन गेली.

अकरा फेब्रुवारीला, मंगळवारी, आकाश निरभ्र होतं आणि थंडी अशी होती की श्वास बाहेर पडून तिथेच थांबायचा. ठिपका नऊला निघाला. पावणेदहाला बर्चपाशी पोचला. ऑरिनने कॉफी चढवली. ठिपका परत फिरला नाही. ऑरिनला वाटलं, बुटाची नाडी बांधत असेल. मग वाटलं, यावेळी खरंच कोयोट दिसला असेल. कॉफी उतू जाऊन शेगडीवर जळली तेव्हा तो बाहेर पडला, घरातल्या सपातांवर, कोट न घालता. जाताना लोविनाच्या दारावर मूठ आपटून अँब्युलन्सला फोन कर एवढंच म्हणाला.

पाऊण तासाची वाट त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने सपातांवर किती वेळात चढली हे आम्हाला माहीत नाही. अग्निशामक दलाची पोरं बर्फावरची घसरगाडी घेऊन वर पोचली तेव्हा तो हॉलिसचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. हॉलिस हृदय थांबून केव्हाच गेला होता. बंदूक बर्चला टेकवून ठेवलेली होती, नळी वर, घसरणार नाही अशा खाचेत, लहान मुलांना दाखवतात तशी. आधी ती नीट ठेवून मगच तो खाली बसला होता. पूर्ण थांबणारा माणूस.

रेनीने नंतर ऑरिनचा जबाब घेतला. तुम्ही बंदुकीला हात लावला का, असा एक प्रश्न त्यात असतो.

"नाही," ऑरिन म्हणाला. "लावला असता तर हस्तांतर झालं असतं."

रेनीने ते जसंच्या तसं लिहिलं.

दफनविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. आमदार आले होते. त्यांनी लोविनाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कायद्यात काही त्रुटी राहिल्या आहेत, त्या दूर करू, असं सांगितलं. त्यांनी शब्द पाळला. त्याच अधिवेशनात दुरुस्ती झाली. कलम चारमधून कोयोट वगळण्यात आला.

बंदूक आता शेरीफच्या कचेरीत होती, पुरावा या रकान्यात, कारण ती एका मृत्यूपाशी सापडली होती. मर्लने तिला पिशवीबाहेर येऊ दिलं नव्हतं, रेनीने त्या दिवशी फक्त फॉर्म बघितला होता, मी फक्त कायदा बघितला होता. आता पहिल्यांदाच कोणीतरी तिच्यावरचा क्रमांक कागदावर उतरवून घेतला आणि राजधानीला पाठवला.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. तोवर रस्त्यांचा चिखल झाला होता. रेनी बूट दाराबाहेर काढून मोज्यांनिशी वाचनालयात आली आणि तिने कागद माझ्यापुढे ठेवला.

"मी चुकीचं वाचत असेन तर सांगा," ती म्हणाली.

राजधानीचं म्हणणं चार ओळींचं होतं. पाठवलेल्या क्रमांकाची वस्तू या कायद्याच्या कक्षेत येत नाही, तिच्यासाठी हस्तांतराची नोंद वा अपवाद लागत नाही, सबब ती कचेरीत ठेवण्याचं कारण नाही, कोणालाही द्यावी. खाली कलमाचा आकडा होता. मी फळीवरून अकरा पानं काढली आणि ती दोन पानं उघडली जी मी ऑक्टोबरात उलटली होती. त्यांच्यावर पेन्सिलीची एकही खूण नव्हती.

"चालते का ती?" मी विचारलं.

"काल मागच्या खाणीत नेऊन बघितली," रेनी म्हणाली. "उत्तम चालते."

लोविनाला सांगायला मीच गेलो. ती बटाटे सोलत होती. मी कागद वाचून दाखवला आणि मग तोच साध्या भाषेत सांगितला.

"म्हणजे कपाटात ठेवता आली असती," ती म्हणाली.

"हो."

"पहिल्या रात्रीपासून."

"हो."

तिने हातातला बटाटा पूर्ण सोलला, पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, "बस. जेवूनच जा. ऑरिन येईल इतक्यात, त्याच्यासमोर हा विषय नको."

"तोही विचारेल ना कधीतरी."

"विचारलं तर मी खोटं सांगेन."

ऑरिन साडेअकराला आला, दोन्ही हातांत लाकडं घेऊन. आता तो दुपारचं तिथेच जेवतो. डॉक्टर म्हणतात, गोळीने गुण आला. तो रोज नऊ वाजता डोंगरावर जातो, हॉलिसची बंडी घालून, हात रिकामे. बंडी त्याला मोठी होते, त्यामुळे ठिपका पहिल्यापेक्षा जरा रुंद दिसतो. पोस्टातली बाई पुन्हा त्याच्यावर घड्याळ लावायला लागली आहे.

"काही दिसलं का वर?" मी त्या दिवशी विचारलं.

"थोडक्यात वाचला," ऑरिन म्हणाला. त्याने एकदाच वाढून घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणाला. लोविनाने मिठाची बरणी त्याच्याकडे सरकवली.

बंदूक तिच्या झाडूच्या कपाटात आहे. त्यासाठी कोणालाही काही लिहून द्यावं लागलं नाही. कलम दोन, पोटकलम ग: १८९८ साली किंवा त्याआधी बनवलेली वस्तू या कायद्याच्या अर्थाने बंदूक नाही. ऑरिनच्या आजोबांची १८९६ ची आहे.